मेंदूचा दाह, निद्रा आणि स्मृति

नागपुरास मेंदूच्या दाहाची ओळख नवी नाहीं. १९६५ सालीं येथील चांदीपुरा वस्तींतील तापकऱ्यांच्या रक्तांत सांपडलेला विषाणु त्या वस्तीच्याच नांवानें जगास ठाऊक झाला, व पुढें मुलांच्या मेंदूज्वराशीं त्याचा संबंध जोडला गेला.

परंतु बाहेरून शत्रु न येतांहि मेंदूचा दाह होतो. शरीराचें रक्षण करणारीं प्रतिद्रव्यें मेंदूवरच उलटतात. यांतील एक प्रमुख प्रकार डॉ. दालमाउ व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं उलगडला. त्यांत स्मरणास आवश्यक असे पेशींवरील ग्राहक निकामी होतात. रोग्याची झोप उडते. तो असंबद्ध बोलतो, त्यास भास होतात, आंचके येतात. घरचीं माणसें वेड किंवा बाहेरची बाधा समजतात आणि मोलाचा काळ दवडतात. पाठीच्या कण्यांतील पाणी तपासल्यास निदान होतें. वेळीं उपचार झाल्यास बहुतेक रोगी सुधारतात.

मात्र सुधारतांना उलट झोप अनावर होते, आणि स्मृति व एकाग्रता परतण्यास कित्येक महिने लागतात. अशा विद्यार्थ्यास आळशी ठरविणें हा अन्याय होय, हें श्रोत्यांनीं ध्यानीं ठेवावें.