डोक्यातून पोटात नळी बसवलेल्या मुलाचं पोट दुखलं तर थांबू नका

कणकवली : पोर ‘पोटात दुखता’ म्हणालं की आपल्याकडे आधी ओवा निघतो, बेंबीला हिंग लागतो. बहुतेक मुलांचं तेवढ्यावर भागतंही. पण ज्या मुलाला मेंदूतलं पाणी काढण्यासाठी नळी, म्हणजे शंट बसवला आहे, त्याच्या पोटदुखीवर घरगुती उपाय करत दिवस घालवू नयेत.

नळी पोटात का सोडतात?
आपल्या मेंदूत सतत पाणी तयार होत असतं. मोठ्या माणसात ते दिवसाला साधारण अर्धा लिटर होतं आणि रक्तात परत शोषलं जातं. ही वाट अडली की पाणी साठून मेंदूवर दाब येतो. तान्ह्या बाळाचं डोकं वाढू लागतं. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. त्यावर डॉक्टर कातडीखालून एक बारीक नळी कानामागून, मान आणि छातीवरून पोटात नेतात. पोटातलं अस्तर हे पाणी शोषून घेतं. मूल वाढेल तशी पुरावी म्हणून नळी जरा लांबच ठेवतात.

पोटात काय बिघडू शकतं?
पोटातलं टोक चरबीच्या पडद्यात अडकून बंद होतं. कधी टोकाभोवती पाण्याची गाठ धरते, पोट फुगतं, दुखतं. अशा गाठीमागे बऱ्याचदा जंतुसंसर्ग असतो. संसर्ग बहुतेक वेळा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच होतो. लहान मुलग्यांत जांघेत किंवा वृषणाच्या पिशवीत सूज येते. तो हर्निया किंवा साठलेलं पाणी असू शकतं.

क्वचित नळी आतड्याला भोक पाडून आत शिरते आणि शौचाच्या जागेतून बाहेर दिसते. नवल म्हणजे अशा वेळी बऱ्याच मुलांचं पोट दुखतही नाही. घरच्यांना तो जंत वाटतो. ती नळी ओढू नका, कापू नका, आत ढकलू नका. आतड्यातले जंतू नळीवाटे थेट मेंदूपर्यंत जातात. स्वच्छ कापडाने झाकून लगेच हॉस्पिटल गाठा.

पोट बिघडलंय की डोकं?
खालचं टोक बंद झालं की पाणी वर डोक्यात तुंबतं. मग उलट्या होतात आणि आपण म्हणतो, पित्त झालं. म्हणून उलटीबरोबर पुढची लक्षणं बघा :
- डोकेदुखी, जास्त झोप, बोलावलं तरी नीट जागं न होणं
- बाळाची टाळू फुगणं, नजर खाली झुकणं, दूध न पिणं
- ताप, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज
- झटका येणं

यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

अंतर लक्षात ठेवा
मेंदूच्या ऑपरेशनसाठी आपल्याकडचे बरेच लोक गोव्यात बांबोळीला, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला जातात. पावसाळ्यात रात्री हा प्रवास सोपा नाही. त्यामुळे घरी वाया गेलेला वेळ वाटेत भरून निघत नाही. आधी कणकवलीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात गेलात, तर पहिलं वाक्य हेच बोला : “डॉक्टर, पोराला शंट आहे.” अपेंडिक्ससारखं पोटाचं दुसरं ऑपरेशन ठरलं, तरी हे सांगायलाच हवं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो आई, बाबा आणि आजी-आजोबांच्या मोबाईलमध्ये ठेवा. शाळेतल्या बाईंनाही कल्पना द्या.

उपाय आहे
एक्स-रेत नळी दिसते, सोनोग्राफीत गाठ कळते. डोक्याचं स्कॅनही करतात. संसर्ग असेल तर नळी काढून काही दिवस पाणी बाहेर सोडतात, अँटिबायोटिक देतात आणि मग नवी नळी बसवतात. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं म्हणून पहिलं चुकलं असं नाही. कित्येक मुलांची नळी एकदा तरी बदलावी लागते. वेळेवर बदलली तर शंट असलेली मुलं शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात.