रायपूरहून किबला

नमाजासाठी दिवसातून पाचदा तोंड वळवायचे, ते नेमके कुठे? रायपूर २१.२५ आणि मक्का २१.४२ अंश उत्तर. म्हणजे अक्षांश जवळजवळ एकच. तरी किबला, म्हणजे मक्केतल्या काबाची दिशा, थेट पश्चिमेला नाही. पृथ्वी गोल, त्यामुळे सर्वांत जवळची वाट इथून निघताना पश्चिमेच्या सुमारे ८ अंश उत्तरेला झुकते. ताडून पाहण्याची सर्वांत सुंदर रीत आकाशातच आहे. २८ मे रोजी (लीप वर्षी २७) दुपारी २.४८च्या सुमारास सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर असतो. इथल्या बैजनाथपारा वस्तीतल्या एखाद्या गच्चीवर तेव्हा काठी सरळ उभी धरावी. सावलीच्या उलट दिशेला किबला. १६ जुलैलाही (लीप वर्षी १५) २.५७ला हा योग येतो, पण छत्तीसगडात तेव्हा पावसाचे दिवस. इतक्या दुरून साधारण दिशाही पुरते, असे बहुतेक फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, मानतात.