खेळण्यांतल्या मालमोटरीचा मोडका शाफ्ट

बिनतारी यंत्रणेवर चालणारी खेळण्यांतली मालमोटर एके दिवशीं जागच्या जागीं थांबते. कळ दाबली कीं आंत मोटर गुणगुणते, पण चाकें हलत नाहींत. घरांतील मंडळींचा पहिला संशय रेडिओवर जातो. बॅटऱ्या बदलल्या जातात, बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत एक फेरी होते, आणि अखेर मुलाची हौस कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसते. रेडिओ मात्र येथें निर्दोष असतो. त्याचें काम निरोप पोंचविण्याचें, आणि मोटर फिरली याचाच अर्थ निरोप पोंचला. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींनीं चालणारी छोटी होडी लोकांस दाखविली, तेव्हांपासून ही वांटणी तशीच आहे : हुकूम लहरींचा, श्रम यंत्राचे. मोटर फिरते आणि चाक फिरत नाहीं, तेव्हां दोष त्या दोहोंच्या मध्यें, म्हणजे गिअरबॉक्समध्यें शोधावा.

गिअरबॉक्स करतो काय? मोटर वेगानें फिरते, पण तिचा जोर थोडा. लहान दांतेरी चाकानें मोठें चाक फिरविलें कीं वेग घटतो आणि त्याच प्रमाणांत पीळ वाढतो. वेग तिसाव्या हिश्शावर आणला, तर घर्षणांत जाणारा भाग वगळतां पीळ तीसपट होतो. कात्रजचा घाट चढणारी भरलेली मालमोटर खालच्या गिअरवर कां येते, याचें उत्तर हेंच. जपानच्या तामिया कंपनीच्या १/१४ प्रमाणाच्या ट्रकांत तर खऱ्या गाडीप्रमाणें तीन गतींचा गिअरबॉक्स असतो. हीं चाकें ज्या पोलादी दांड्यांवर बसविलेलीं असतात, त्यांना कारखान्याच्या भाषेंत शाफ्ट म्हणतात. आणि सर्वांत अधिक पीळ शेवटच्या शाफ्टवर येतो. त्यांतच विजेच्या मोटरीचा स्वभाव असा कीं, ती अडली म्हणजे तिचा पीळ कमाल होतो. गाडी भिंतीला टेकली असतां कळ दाबून धरणें, किंवा भरधांव जातांना तिला एकदम मागें घेणें, हे शाफ्टवरचे खरे आघात होत.

मोडलेला तुकडा प्रथम फेंकून देऊं नये. तो या प्रकरणांतला एकमेव साक्षीदार आहे. शाळेंतला खडू दोन्ही हातांनीं पिळून मोडला तर तो सरळ न तुटतां तिरकस, नागमोडी तुटतो. शाफ्ट तसा तुटला असेल तर पोलाद फार कडक, म्हणून ठिसूळ होतें. तो आडवा, सपाट तुटला असून तुटीजवळ पिळाच्या खुणा दिसत असतील, तर पोलाद मऊ होतें आणि भार अतोनात झाला. परंतु तुटीचा कांहीं भाग गुळगुळीत, शिंपल्यावरील रेषांसारखा, आणि उरलेला खरबरीत दिसला, तर शाफ्ट एका दिवसांत मोडलेला नाहीं. एखाद्या खांचेपाशीं, पिनेच्या भोंकापाशीं किंवा धारदार कोपऱ्यापाशीं बारीक चीर पडून ती महिनोन्‌महिने वाढत गेली. कारण न शोधतां नवा शाफ्ट घातला, तर तोहि त्याच वाटेनें जातो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं बॅटरी काढून ठेवावी. पेटी उघडतांना प्रत्येक चकती कोठून निघाली याचें चित्र काढावें. मोडके तुकडे डाख देऊन जोडण्याचा मोह आवरावा. पिळापुढें तो सांधा टिकत नाहीं, आणि तुकडे एका रेषेंतहि येत नाहींत. नव्या शाफ्टसाठीं सिल्व्हर स्टीलची गज उत्तम. ती मापाला अचूक घांसलेली असते व कानशीला दाद देते. हत्यारें व लोखंडी सामान यांसाठीं पुणेकर रविवार पेठेंतील बोहरी आळी गांठतात. तेथें चौकशी करावी. अगदीं लहान खेळण्यांत सायकलच्या चाकाची तार, जी सुमारें २ मिलिमीटर जाडीची असते, काम भागविते. खिळा मात्र घालूं नये. तो मऊ असतो.

गज कांचेच्या तावदानावर लोळवून पाहावी. खालून उजेडाची फट उघडमीट करूं लागली तर ती वांकडी आहे. लांबी जुन्या तुकड्यांवरून घ्यावी, चाकाच्या स्क्रूसाठीं एक बाजू कानशीनें सपाट करावी, आणि सर्व धारदार कडा मोडाव्या. शाफ्टला आडव्या दिशेनें कागदाच्या जाडीइतकी मोकळीक असावी. प्लॅस्टिकला चालणारें ग्रीस थोडेंच लावून, मोटर जोडण्यापूर्वीं चाकें बोटानें फिरवावीं. एकाच जागीं अडखळलें तर पुन्हां उघडावें.

येथें एक मोह आणखी होतो : शाफ्ट जाडच घालावा! पिळाला तोंड देण्याची शक्ति व्यासाच्या घनाप्रमाणें वाढते. म्हणून ४ ऐवजीं ५ मिलिमीटरचा शाफ्ट जवळजवळ दुप्पट बळकट ठरतो. पण आघात नाहींसा होत नाहीं, तो पुढच्या दुबळ्या जागेवर जातो, आणि मग प्लॅस्टिकच्या चाकाचे दांत उडतात. म्हणून मूळ जाडी राखून खांचा गोलसर करणें, हेंच शहाणपणाचें.

कोथरूड येथें बी. एस. जोशी यांचें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं खुलें झालें. तेथें जाणाऱ्या मुलास एवढें तरी कळतें कीं, यंत्र लहान झालें म्हणून त्याचे नियम लहान होत नाहींत. घरच्या टेबलावर तुटक्या शाफ्टची साक्ष वाचणाऱ्या मुलास त्याहून एक गोष्ट अधिक कळते : मोडलेली वस्तु टाकावयाची नसते, तिला आधीं विचारावयाचें असतें. गाडी पुन्हां धांवली तर उत्तमच. न धांवली तरी हा धडा वायां जात नाहीं.