निगेटिव्ह एकच, चित्रे दोन

निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचे १९८१ चे आंदोलन असो वा बेळगाव परिसरातील जून १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, दोन्हींचे छायाचित्रण फिल्मच्या काळातले. घराघरांतील ट्रंकांत आणि जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत उरलेल्या त्या काळच्या निगेटिव्ह स्कॅनिंगला दिल्या, की एक कोडे पडते. एकच निगेटिव्ह दोन लॅबमधून दोन निराळी चित्रे होऊन परत येते.

याचे मुख्य कारण असे, की निगेटिव्ह सुलट करताना काळे किती काळे आणि पांढरे किती पांढरे हे कोणाला तरी ठरवावेच लागते. मिनिलॅबचे यंत्र ते आपोआप ठरवते, उठाव वाढवते, कडा धारदार करते. लग्नाच्या छायाचित्रांना हे शोभतेही! परंतु भर उन्हातील सभेत याच उठावाने पांढरी टोपी आकाशात विरते आणि टोपीखालचा चेहरा काळवंडतो. त्या चेहऱ्यावरूनच तर घरच्यांना माणूस ओळखायचा असतो.

दुसरा भाग आकड्यांचा. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. इंचाला १२०० ठिपक्यांनी स्कॅन केल्यास तिचे सुमारे १९ लाख पिक्सेल होतात. ४००० ठिपक्यांनी २ कोटींहून अधिक. फलकावरची बारीक अक्षरे पहिल्यात अनेकदा पुसट होतात. मात्र सपाट काचेच्या स्कॅनरवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारा तपशील यांत बरीच तफावत असते.

धूळ काढणारी अवरक्त किरणांची सोय रंगीत फिल्मला उपयोगी. कृष्णधवल फिल्ममधील चांदी ते किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. तेथे हलक्या हाताने ब्रशच फिरवावा लागतो.

तुलना करायची तर एकच चौकट दोन्हीकडे द्यावी आणि आपोआप सुधारणा बंद ठेवून १६ बिटची टिफ फाइल मागावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ छटा, १६ बिटमध्ये ६५,५३६. पडद्यावर पूर्ण आकारात चारही कोपऱ्यांतील कण पाहावेत. मधले स्पष्ट आणि कोपऱ्यांतले धूसर असतील, तर फिल्म वाकलेली राहिली होती. कडांभोवती पांढरी रेघ दिसली, तर धार कृत्रिम आहे.

स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकू नयेत. बेळगावचा पाऊस काय नि गोव्याचा काय, बुरशीला दोन्ही मानवतात. कोरड्या कागदी पाकिटांत, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह त्या ठेवाव्यात.