एका स्वल्पविरामाचा घोळ

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरपेक्षा लांब. त्यामुळे तिथला विद्यार्थी प्रवेशाचा अर्ज मोबाइलवरच भरतो. लॉगिन झालं, की सर्व्हर उत्तरासोबत एक चिठ्ठी धाडतो, तीच कुकी. पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ब्राउझर ती दाखवतो, म्हणून पान बदललं तरी ओळख टिकते. नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी १९९४ साली ही युक्ती काढली.

चिठ्ठी सहसा एकच नसते. लॉगिनची एक, भाषेची एक, सुरक्षेची आणखी एक. प्रत्येकीसाठी उत्तराच्या माथ्यावर ‘सेट-कुकी’ या हेडरची वेगळी ओळ येते, आणि गोम इथेच आहे. एचटीटीपीच्या सर्वसाधारण नियमानुसार एकाच नावाच्या ओळी मध्ये स्वल्पविराम घालून जोडता येतात. पण कुकीच्या मुदतीच्या तारखेत वाराच्या नावापुढे स्वल्पविराम असतोच! मग दोन कुकींमधला कोणता आणि तारखेतला कोणता, हे ओळखायचं कसं?

१९९७च्या ‘आरएफसी २१०९’ या मानकाने तारखेऐवजी सेकंदांत मुदत सांगणारं ‘मॅक्स-एज’ आणलं आणि कुकी जोडायला मुभाही दिली. कागदावर प्रश्न सुटला. जग मात्र नेटस्केपच्याच, म्हणजे तारखेच्या वाटेने चालत राहिलं. अखेर २०११च्या ‘आरएफसी ६२६५’ने वस्तुस्थिती मान्य केली आणि या ओळी जोडू नका, असं सर्व्हरना बजावलं.

हेडरच्या एका नावाला एकच किंमत, असं धरून चालणाऱ्या लायब्ऱ्या इथे अडखळतात. पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’मध्ये हेडर वाचले तर कुकी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, त्या लायब्ररीचा कुकींचा वेगळा साठा मात्र मूळ ओळींवरून नीट भरलेला असतो. गो भाषेतलं ‘गेट’ फक्त पहिली ओळ देतं, सगळ्या हव्यात तर ‘व्हॅल्यूज’ वापरावं लागतं. माझ्या मते शहाणपण सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचं: तिथे कुकी एकच असली तरी हाती यादीच पडते. जावास्क्रिप्टमधून विनंत्या पाठवणाऱ्या ‘फेच’ची गंमत निराळी. त्यातही या ओळी जोडूनच मिळायच्या. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला सुरक्षेसाठी सेट-कुकी दिसतच नाही, त्यामुळे कुकी सुट्या न मिळण्याची ही उणीव तिथे कुणाला बोचलीच नाही. फेच सर्व्हरवर वापरात आलं तेव्हा ती बोचली, आणि कुकी सुट्या देणारं ‘गेटसेटकुकी’ आलं.

सर्व्हर आणि ब्राउझर यांच्या मधल्या एखाद्या प्रोग्रॅमने लॉगिनची कुकी गाळली, तर पुढच्याच पानावर पुन्हा पासवर्ड मागितला जातो. शिव्या मात्र मोबाइलच्या रेंजला बसतात.

लायब्ररी पारखायची तर एकाच उत्तरात दोन कुकी पाठवाव्यात, पहिलीला मुदतीची तारीख लावून, आणि हाती किती आल्या ते मोजावं. एकच आली, तर एक गळाली किंवा दोन्ही एकमेकींना चिकटल्या. तीन आल्या, तर तारीखच मधोमध कापली गेली.