भरतीची जागा

नवी मुंबईत पाम बीच मार्गाने बेलापूरकडून वाशीकडे निघालेल्या प्रवाशास, सीवूड्सच्या उंच इमारतींपलीकडे खाडीच्या अंगाला तिवरांचा जो गर्द पट्टा आणि त्यात चमकणारे उथळ पाणी दिसते, ती त्याला शहर बांधून उरलेली पडीक जागा वाटण्याचा संभव आहे. आणि नियोजनाच्या दप्तरीही तिची ओळख ‘ना-विकास क्षेत्र’ अशी नकारार्थीच असल्यामुळे, तेथे गोल्फचे मैदान आणि निवासी संकुले उभारण्याचा बेत पुढे आला तेव्हा नकाशातील एका तुकड्याचा रंग बदलण्यापलीकडे काही घडते आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. ज्यांच्या आले, त्यांत शेजारचे रहिवासी अग्रभागी होते.

त्यांच्या हरकतीचे मर्म समजण्यासाठी हे शहर कशावर उभे आहे ते पाहावे लागते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी निश्चित केल्या, त्यांत भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळी कुटुंबांनी बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली खारजमीन मोठ्या प्रमाणावर होती, आणि यांपैकी पुष्कळ भूमी उधाणाच्या भरतीच्या पातळीहून सखल होती. पारसिकच्या डोंगरावरून पावसाचे पाणी वेगाने उतरावे आणि त्याच प्रहरी खाडी तुडुंब भरलेली असावी, एवढा योग जुळून आला की मधल्या वस्तीत पाणी शिरायला दुसरे कारण लागत नाही. म्हणूनच नियोजनकारांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले: भरतीच्या वेळी त्यांची दारे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मिटतात, शहराचे पाणी तलावात थांबते, आणि ओहोटी लागली की ते खाडीत वाहून जाते. तिवरांची पाणथळ याच कामाला हातभार लावते, आणि तिला दारेही लागत नाहीत. पाणी तेथे पसरते, मुळांच्या जाळ्यात त्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो. अशा जागी भराव टाकून वाढीव चटईक्षेत्राच्या इमारती उभ्या केल्या, तर विस्थापित झालेले पाणी शेजारच्या तळमजल्यांकडे आणि करावे गावाच्या गल्ल्यांकडे वळेल, ही भीती काल्पनिक नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आक्रसलेल्या मिठी नदीने अडवलेल्या पाण्याचा हिशेब मुंबईकरांस प्रत्यक्ष दाखवला आहे.

पक्ष्यांचा प्रश्न याहून निराळा नाही. ठाण्याच्या खाडीत उतरणारे रोहित पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर चरतात, आणि भरतीने तो चिखल झाकला की सीवूड्स-नेरुळच्या या उथळ पाण्यात विसाव्याला येतात. त्यामुळे खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला, तरी हे विश्रामस्थान नाहीसे झाल्यास ते संरक्षण अर्धेच उरते. नवा विमानतळ येथून दूर नाही, आणि आसरा हरवलेले थवे विमानांच्या वाटेत जातील, असा इशारा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षितज्ज्ञांनी दिलेला आहे.

रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या नोव्हेंबरात येथील भूवापराचा बदल रद्द ठरवला, आणि पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ च्याच सप्टेंबरात कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कावरच आघात आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयानेच दुसऱ्या प्रकरणी दिला होता. पण निर्णय कागदावर असतानाही जमीन हळूहळू निराळी करता येते. भरतीचे पाणी आत आणणारी वाट बुजली की पाणथळ आटते, तिवर वाळते, आणि काही वर्षांनी पंचनाम्यास गेलेल्या अधिकाऱ्यास कोरडे मैदान दिसते. २०२४ साली नेरुळच्या एका तलावापाशी अनेक रोहित पक्षी मृत्युमुखी पडले, तेव्हा पाण्याचा मार्ग बंद झाल्याची तक्रार नागरिकांनी केली होती. मला ती या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर तक्रार वाटते.

‘तुमचीही घरे भरावावरच उभी आहेत, मग इतरांना का अडवता?’ हा प्रश्न रहिवाशांना विचारला जातो, आणि घरांची निकड खरी असल्यामुळे तो टाळता येत नाही. पण पहिल्या वसाहती आजवर तरल्या, त्यामागे पाण्यासाठी राखून ठेवलेल्या जागांचा वाटा मोठा आहे, आणि नव्या वस्तीलाही त्याच जागांचा आधार लागणार आहे. दाट घरबांधणी करायचीच, तर वाशी-नेरुळच्या जीर्ण सिडको इमारतींच्या पुनर्बांधणीत आणि रेल्वे स्थानकांलगत ती करता येईल. पाणथळीचा वापर बदलण्याचा प्रस्ताव राजपत्रात येतो, हरकती व सूचनांना ठरावीक मुदत मिळते, आणि तेवढ्यात नकाशा वाचणे सामान्य माणसास दुष्कर होते. तेव्हा अशा प्रत्येक प्रस्तावाबरोबर पावसाळ्यातील उधाणाच्या दिवशी केलेली पाणीपातळीची मोजणी सोप्या मराठीत प्रसिद्ध झाली पाहिजे, आणि सुनावणी मंत्रालयाच्या किंवा महापालिकेच्या दालनात न होता करावे गावात, जेथील कोळ्यांना खाडीचे पाणी कुठवर चढते हे ठाऊक आहे, त्यांच्यासमोर झाली पाहिजे.