नवा क्लच, जुनी कुरकुर

महिन्याच्या खर्चातून बाजूला काढलेले पैसे मोजून गाडीला नवा क्लच बसवला. किल्ली हातात देताना मेकॅनिक म्हणाला, ‘‘मॅडम, आता काही बघायला नको.’’ आणि दुसऱ्याच दिवशी मुलांना शाळेत सोडायला निघावं, तर रिव्हर्स टाकताना कर्रर्र! गॅरेजला फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘‘मॅडम, तुमचा पाय सारखा क्लचवर असतो.’’ घरातले पुरुषही लगेच माना डोलावतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे गाडी चालवणाऱ्या किती जणींनी हे ऐकलं असेल!

इकडच्या रस्त्यांवर क्लच लवकर झिजतो, हे खरंच. कल्याण-बदलापूर रस्त्यावरची मुंगीच्या पावलांची वाहतूक, उल्हासनगरच्या कॅम्पांमधले गजबजलेले बाजाररस्ते, उड्डाणपुलाच्या चढावर लागलेली रांग. अशा ठिकाणी पाय हाफ क्लचवर राहतोच. पण त्याने होणारी झीज सहसा हळूहळू, हजारो किलोमीटरनंतर जाणवते. क्लच बदलल्यावर दोन-चार दिवसांत त्रास सुरू झाला, तर आधी बसवणी आणि सेटिंग तपासायला हवं. ते तपासून घ्यायचं तर मैत्रिणींनो, त्रास नेमका काय आहे ते आपल्याला सांगता आलं पाहिजे.

आत असतं काय?

इंजिनाला जोडलेलं एक जड चाक सतत फिरत असतं, ते फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लचप्लेट बसते आणि प्रेशर प्लेट तिला घट्ट दाबून धरते. आपण पेडल दाबलं की एक बेअरिंग पुढे सरकून तो दाब काढतं, इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे होतात आणि गिअर बदलता येतो. हे सगळं बघायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि मजुरी तिथेच लागते. म्हणून ‘‘पुन्हा खोलून बघू’’ याला लगेच हो म्हणू नका. स्वस्तातली तपासणी आधी, महागातली शेवटी.

एक लक्षात ठेवा. नवा क्लच जुन्यापेक्षा वेगळ्या उंचीवर पकडतो. दोन-तीन दिवस गाडी बंद पडली किंवा किंचित झटका बसला तर घाबरू नका, पायाला नवी सवय लागते. पहिले काहीशे किलोमीटर गाडी जरा सांभाळून चालवा.

लक्षणं ओळखा

गिअर पडत नाही, रिव्हर्सला आवाज येतो : सपाट जागी हँडब्रेक लावून इंजिन बंद करा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, म्हणजे पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. मारुती ८०० सारख्या गाड्यांना क्लचची केबल असते. ती सैल राहिली तरी असं होतं, आणि बऱ्याचदा दहा मिनिटांच्या सेटिंगने काम भागतं. ज्या गाड्यांत केबलऐवजी तेलाच्या दाबावर क्लच चालतो, तिथे पाइपात हवा राहिलेली असू शकते. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर पडला, तर हवा किंवा गळती हा पहिला संशय. हे सगळं ठीक असेल, तरच प्लेट उलटी बसली किंवा बसवताना वाकली का, हे बघायला गिअरबॉक्स उतरवायचा. बंद गाडीतही गिअर अडत असतील, तर दोष बहुधा क्लचचा नाही, गिअरच्या लिव्हरकडून जाणाऱ्या जोडणीचा.

इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही : याला क्लच स्लिप होणं म्हणतात. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र तितका वाढला नाही, तर प्लेट घसरतेय. केबल फार ताणली असेल तर असं होतं. पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल आहे ना, बघा. केबल ठीक असेल तर प्लेटवर ऑइल आलेलं असू शकतं. जुनं ऑइल सील तसंच ठेवलं की नवी प्लेटही भिजते. जळका वास येत असेल तर गाडी दामटू नका.

गाडी सुटताना थरथरते : प्लेटला ग्रीस लागलं असेल, फ्लायव्हील जुन्या ओरखड्यांसकट तसंच ठेवलं असेल किंवा इंजिनाचं माउंटिंग नीट आवळलं नसेल. माउंटिंग आधी तपासायला सांगा, त्यासाठी काही उतरवावं लागत नाही.

आवाज येतो : गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून ऐका. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय क्लचच्या बेअरिंगवर. पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा.

गाडी ताब्यात घेताना

गिअरबॉक्स उतरवताना आजूबाजूच्या कितीतरी जोडण्या सुटतात. म्हणून गॅरेजमधून निघण्याआधी रिव्हर्सचा दिवा लागतो का आणि गाडी सुरू करताना सेल्फ अडत नाही ना, ते बघा. निघाल्यावर लगेच स्पीडोमीटर चालतो ना, तेही बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर फोटो काढून ठेवा. गिअरबॉक्समध्ये ऑइल पुरेसं भरलं का, हेही विचारा. जुनी प्लेट आणि बेअरिंग मागून घ्या आणि नव्या सुट्या भागांची खोकीही बघा.

पावसाळ्याचं वेगळंच. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस इकडचं कोणी विसरलेलं नाही. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली की पाणी नि चिखल क्लचपर्यंत जातो. ती तशीच काही दिवस पडून राहिली तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते, मग क्लच कितीही नवा असो. नव्या क्लचनंतर गाडी पाण्यात उभी होती का, हे मेकॅनिकला आपणहून सांगा.

बोलायचं कसं?

‘‘क्लच खराब बसवलाय’’ म्हटलं की भांडण सुरू. त्याऐवजी सांगा, ‘‘बंद गाडीत गिअर पडतात, चालू गाडीत रिव्हर्सला आवाज येतो, पेडल दोनदा दाबलं की पडतो.’’ असं नेमकं सांगितलं की चांगला मेकॅनिक लगेच कामाला लागतो, आणि टाळाटाळ करणाऱ्याला पायाचं कारण पुढे करणं अवघड जातं. शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून स्वतः चालवून दाखवा.

पक्कं बिल मात्र घ्याच. त्यावर बदललेले भाग, मजुरी, तारीख, किलोमीटर आणि वॉरंटी लिहून घ्या. वारंवार सांगूनही दाद दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आपला जिल्हा ठाणे, त्यामुळे तक्रार तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

आणि हो, सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाका, चढावर हँडब्रेक वापरा, पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी कोणी ‘‘तुमचा पाय’’ म्हणालाच, तर त्याला सरळ सांगता येईल, ‘‘पाय बाजूलाच असतो. आता केबल बघा.’’